इस्तारीच्या घरचा कापूर

गोकुळाने टोपली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, नीट उचलली. दुसऱ्यांदाही ती तेवढीच हलकी लागली.

तिने झाकण काढलं. आत कापूर होता. पांढऱ्या, गोल, नखाएवढ्या वड्या. पण होळीच्या वेळी त्या काठापर्यंत आल्या होत्या, झाकण दाबून बसवावं लागलं होतं. आता त्या निम्म्याच्या जरा वर, अंग चोरून बसल्यासारख्या बसल्या होत्या.

घरातला कापूर सरला तर माणूस दुकानात जाऊन दुसरा आणतो, त्यात एवढं खाली बसण्यासारखं काही नाही. गोकुळा मात्र बसली, कारण तो कापूर घरचा नव्हता. तो बोरटोल्याच्या मच्छीमार सोसायटीचा होता.

बोरटोला चंद्रपूरकडच्या सावली गावापासून दहा-बारा किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आहे. गावाला धान पोसतो आणि तलाव पोसतो. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की पहिलं जाळं टाकण्याआधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पूजा होते. एका परातीत पुरता एक किलो कापूर एकदम पेटवायचा, आणि प्रत्येक घराने आपलं जाळं त्या ज्योतीला दाखवून मगच पाण्यात उतरायचं. एक किलो म्हणजे एक किलो. कधीकाळी पाव किलो कमी पडला होता तेव्हा वर्षभर नुसता चिखल आणि शेवाळ जाळ्यात आलं, असं म्हातारे सांगतात, आणि तेव्हा ते स्वतः किती वर्षांचे होते हे त्यांना कोणी विचारत नाही.

हा कापूर होळीला चंद्रपूरहून येतो आणि पूजेपर्यंत तलावाच्या राखणदाराच्या घरी राहतो. देवाचा कापूर ज्याच्या घरी दोन महिने जसाच्या तसा राहतो, त्याच्या हाती तलाव द्यायला भीती नाही, असा गावाचा सरळ विचार. पूजेच्याच दिवशी पुढच्या वर्षाचा राखणदार ठरतो. गेली नऊ वर्षं तो इस्तारी होता. गोकुळाचा नवरा.

पूजा सहा दिवसांवर आली होती.

इस्तारी जेवायला बसला तेव्हा गोकुळाने भात वाढला, झिंग्याचं कालवण वाढलं आणि फार सहज विचारल्यासारखं विचारलं, "अजी, तुमी कापराले हात लावला होता का?"

इस्तारी मुळातच कमी बोलणारा. पण या वेळी तो जरा जास्तच वेळ कमी बोलला.

"नाई," तो म्हणाला. मग भात कालवता कालवता, ताटाकडे बघत, "तू लावली का?"

"मी काऊन लावू?"

"काई नाई. इचारलं."

त्यापुढे दोघांनीही कालवणाचंच कौतुक केलं. इतकं कौतुक त्या घरात कालवणाचं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, गुणवंतराव आले. गुणवंतराव सोसायटीचे अध्यक्ष. पूजेच्या आधी कापूर पाहून जायचा, हा रिवाज. इतर वर्षी ते अंगणातूनच "हाये नं कापूर?" विचारत, इस्तारी मान हलवत असे, आणि दोघं चहा पीत. दोघं लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून तलावात गेलेले. त्यामुळे या पाहणीत पाहण्याचा भाग कमी आणि चहाचा जास्त असे.

पण या वर्षी त्यांच्यासोबत त्यांची बायको रुखमाबाई होती, आणि रुखमाबाई कुठेही गेली की वस्तू उचलून बघते.

"हे टोपली रिकामीच वाटून राह्यली वो," ती म्हणाली.

"रिकामी नाई, बाई. आहे नं आत," गोकुळा म्हणाली.

"आत आहे, पन किती आहे?"

गुणवंतरावांनी टोपली हातावर तोलली. मग या हातावरून त्या हातावर घेतली. मग त्यांचा चेहरा अध्यक्षाचा झाला. किराणा दुकानवाल्या सुरेंद्रला त्याचा इलेक्ट्रिक काटा घेऊन बोलावण्यात आलं, आणि काट्याच्या मागोमाग अर्धं गाव अंगणात आलं. टोपलीचं वजन वजा करून आकडा निघाला. सहाशेच्या थोडा वर.

 इस्तारी खाटेच्या पायाशी उभा राहून जमिनीकडे बघत होता.

"इस्तारी, बोल बावा काईतरी," गुणवंतराव म्हणाले.

 इस्तारीने फक्त एकदा गोकुळाकडे पाहिलं आणि पुन्हा जमीन बघायला लागला.

"उंदरायनं नेला असन," गोकुळा म्हणाली.

"उंदीर कापूर खाते का वो?" रुखमाबाई म्हणाली. "त्याले काय आरती कराची आहे?"

कोणीतरी हसलं, आणि त्यामुळे गुणवंतरावांना जास्तच कडक व्हावं लागलं. "जो कापूर राखू शकत नाई," ते म्हणाले, "तो मासोळ्या काय राखन?" बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच खिशातला रुमाल काढून कोरडं कपाळ पुसलं. "मंग या वर्षी दुसरा राखणदार पाहा लागन. लहानू आहे, तरणा आहे."

लहानू मागे उभा होता. त्याची बायको रंभा त्याच्या पुढे उभी होती. रंभाचा चेहरा उजळला. लहानूचा कोणी बघितलाच नाही.

याच वेळी रीता मॅडम झिंगे न्यायला आल्या. रीता मॅडम गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. माहेर वरोऱ्याचं, परीक्षा संपल्या होत्या, निकाल लावून गावी जायच्या आधी आईसाठी किलोभर वाळलेले झिंगे न्यायचे होते. अंगणात काटा बघून त्यांना वाटलं झिंगेच मोजणं चाललंय. मग त्यांना सगळं सांगण्यात आलं, चार जणांनी, एकाच वेळी.

"अहो, कोणी नेला नसेल," मॅडम म्हणाल्या. "उडून गेला असेल."

"मॅडम," गुणवंतराव नम्रपणे म्हणाले, "पाखरं उडते. कापूर कसा उडन?"

मॅडमना शाळा सुटून आठच दिवस झाले होते, पण तेवढ्यातही त्यांना शिकवण्याची आठवण यायला लागली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पदार्थात बदल दोन प्रकारचे होतात," त्या म्हणाल्या. "एक भौतिक. वस्तू तीच राहते, फक्त रूप बदलतं. मीठ पाण्यात विरघळलं, दिसत नाही, पण पाणी आटवलं की मीठ परत. दुसरा रासायनिक. त्यात वस्तूच बदलून जाते. दुधाचं दही झालं की दूध परत येत नाही. मोहफुलं भिजत टाकली की त्यांचं जे होतं, तेही तसंच."

मंडळींपैकी दोघा-तिघांनी एकदम आभाळाकडे पाहिलं.

"कापूर उघडा राहिला की थेट हवेत जातो. मध्ये पाणी होत नाही, डाग पडत नाही, काही नाही. याला संप्लवन म्हणतात. हा भौतिक बदल."

"म्हणजे गेला तरी तो कापूरच आहे?" रुखमाबाईने विचारलं.

"कापूरच आहे. फक्त हवेत आहे."

"आन भौतिक बदल वापस येते म्हनता," गुणवंतराव म्हणाले. "मंग वापस आणून दाखवा."

शहाण्या माणसाने इथे पिशवी उचलली असती. मॅडमनी वाटी मागवली. वाटीत चार वड्या टाकल्या, चुलीतल्या निखाऱ्यांवर वाटी ठेवली आणि वर थंड पाण्याने भरलेली थाळी धरली. कापूर तापेल, वायू होईल, थाळीच्या थंड बुडाला लागेल आणि पुन्हा पांढरा होऊन चिकटेल. "मंद विस्तव पाहिजे," त्या म्हणाल्या.

गोकुळाने 'विस्तव पाहिजे' एवढंच मनावर घेतलं. नवऱ्याची अब्रू त्या थाळीच्या बुडाला चिकटणार होती आणि निखारे तर राखेत निजलेले. तिने फुंकणी घेतली आणि जीव एकवटून फुंकर मारली.

जाळ भप्पकन वर आला आणि वाटीतल्या कापराने पेट घेतला.

पेटलेला कापूर पाहिल्यावर माणसं जे करतात, ते अंगणाने केलं. पुरुषांनी चपला काढल्या, बायांनी पदर डोक्यावर घेतला, सगळ्यांचे हात जुळले आणि मागून कोणीतरी आरती सुरू केली. मॅडम मधोमध थाळी धरून उभ्या राहिल्या. आरती मध्येच थांबवता येत नाही. ती पूर्ण झाली, सगळ्यांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, गुणवंतरावांनीही लावले, आणि मग त्यांनी विचारलं, "मॅडम, हा कोनता बदल झाला?"

"रासायनिक," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"हा वापस येते का?"

"नाही."

"म्हणजे भौतिक झाला तरी आमचा कापूर गेला, आन रासायनिक झाला तरी गेला."

पण मॅडम हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. जळला तो सोडून उरलेला कापूर त्यांनी पुन्हा मोजायला लावला. बरोबर सहाशे ग्रॅम भरला. "हा तीन दिवस सोसायटीच्या खोलीत ठेवा," त्या म्हणाल्या. "झाकण काढून. कुलूप लावा, पण खिडकी उघडी पाहिजे, वारा लागला पाहिजे. गुरुवारी मोजू. कोणी हात न लावता वजन कमी भरलं, तर इस्तारीभाऊ निर्दोष."

"आन कमी नाई भरलं तं लहानू," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. रंभाने त्याच दिवशी सुरेंद्रच्या दुकानातून नवी बॅटरी घेतली, राखणीसाठी.

गोकुळाला झोप लागेना. वर टिनाचं छत रात्रीही तापलेलं होतं आणि आत तिचं डोकं. मॅडम खोटं बोलणार नाहीत, हे तिला पटत होतं. पण तिने आयुष्यभर गाव बघितलं होतं. सहाशे भरला तर एवढा बोभाटा झाला, गुरुवारी त्याहून कमी भरला तर लोक मॅडमचं पुस्तक ऐकतील की काट्यावरचा आकडा बघतील? काटा पुन्हा किलो दाखवेल तर सगळ्यांचीच तोंडं बंद होतील. मॅडमचीसुद्धा.

मंगळवारी तेंदूपत्ता तोडून आल्यावर तिने सुरेंद्रकडून पन्नास-पन्नास ग्रॅमची दोन पाकिटं घेतली. "घरात मुंग्या झाल्या," तिने न विचारता सांगितलं. दुपारी एक वाजता, पारा पंचेचाळीसवर आणि गाव दारं लावून कूलरसमोर निजलेलं असताना, ती डोक्यावर ओला पंचा टाकून सोसायटीच्या खोलीमागे गेली.

खिडकी उंच होती. पण खिडकीखाली आयताच एक दगड आणून ठेवलेला होता. गोकुळाने देवीचे आभार मानले आणि दगडावर चढली. दगड कोणी ठेवला हा विचार करायला तिला वेळ नव्हता. गजांतून हात घालून तिने पाकिटं खिडकीलगतच्या टेबलावरच्या टोपलीत उलटी केली, टपटप आवाज झाला, आणि ती उतरून भराभरा चालायला लागली.

वळणावर समोरून लहानू आला. त्याच्या डोक्यावर काळी छत्री होती आणि शर्टाचा खिसा फुगलेला होता.

दोघंही थांबले.

"फिराले निघाला का, भाऊ?" गोकुळाने विचारलं.

"हो, वैनी. हवा खाले," लहानू म्हणाला.

त्या वेळी हवा भट्टीतून निघाल्यासारखी येत होती. "खा, खा," गोकुळा म्हणाली, आणि दोघं आपापल्या वाटेने गेले.

गुरुवारी सकाळी सोसायटीसमोर सगळं गाव होतं. गुणवंतरावांनी करदोड्याची किल्ली सगळ्यांना दाखवली, कुलूप सगळ्यांना दाखवलं, आणि टोपली बाहेर आणली. ती आणताना त्यांनी ती थोडी सांभाळून धरली होती, हे फक्त रुखमाबाईच्या लक्षात आलं. सुरेंद्रने टोपली काट्यावर ठेवली. त्याने काटा बंद केला, पुन्हा चालू केला आणि पुन्हा ठेवली.

"नऊशे साठ," तो म्हणाला.



"वाढला," शेवटी एक म्हातारा म्हणाला आणि त्याने टोपलीला हात जोडले. त्याचं बघून आणखी दोघांनी जोडले.

"मॅडम," गुणवंतरावांनी विचारलं, पण या वेळी ते मॅडमच्या नजरेला नजर देत नव्हते, "हा कोनता बदल?"

रीता मॅडमनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "असा बदल पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात रुखमाबाईने टोपलीत हात घातला आणि एक वडी काढली. "आपल्या वड्या गोल होत्या नं?" ती म्हणाली. "हे तं चौकोनी आहे."

चादर अंथरली गेली, टोपली उलटी केली, आणि खाली उकिडवं बसून मॅडमनी निवडायला सुरुवात केली. बायका तांदूळ निवडतात तशा आणखी दोघी-तिघी मदतीला बसल्या. थोड्या वेळात चादरीवर पाच ढीग झाले. सोसायटीच्या लहान गोल वड्यांचा सर्वांत मोठा. मग चौकोनी वड्या. मग काचेसारखे चमकणारे भीमसेनी कापराचे खडे. मग चिंचोक्याएवढ्या, मोठ्या गोल वड्या. आणि शेवटी दहा वड्या, ज्या टाकणाऱ्याला वेष्टनातून सोडायचीही फुरसत मिळाली नव्हती. त्या प्लास्टिकच्या पुड्यांमध्ये जशाच्या तशा होत्या.

मॅडमनी आधी सोसायटीचा ढीग काट्यावर ठेवला. पाचशे सत्तर.

"बघा," त्या म्हणाल्या. "सहाशे होता, तीस ग्रॅम गेला. कुलपात."

"कोनी नेलाही असन, खिडकीतून," कोणीतरी म्हणालं.

"अरे, तिथी तं सारे टाकूनच राह्यले," रुखमाबाई म्हणाली. "चोरन कोन?"

मॅडमनी एक बंद पुडी उचलून उन्हात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतला आनंद परत आला होता. "ही माझ्यासाठी सोन्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "बंद कापूर उडत नाही, उघडा उडतो. मला फक्त एवढं कळायला पाहिजे की यातला कोणता किती टाकला होता. मग आत्ता सिद्ध होतं. कोणी टाकल्या या?"

कोणी पुढे येईना. मॅडम पुडी धरून उभ्या राहिल्या. ऊन चढत होतं.

"मी," लहानू म्हणाला. रंभाने वळून त्याच्याकडे बघितलं, तसा तो मॅडमच्या पलीकडे सरकला. "पाच-पाच ग्रॅमच्या दहा पुड्या. मले वाटलं, किलो भरला म्हणजे इस्तारीभाऊच राहीन. मले राखणदार नाई व्हाचं. त्या तलावावरच्या मचानावर रातभर एकट्यानं निजाले मले भेव लागते."

"बॅटरी आणली नं मी," रंभा म्हणाली.

"बॅटरीत तं अजून साफ दिसते," लहानू म्हणाला.

दहा पुड्या मोजल्या. पन्नास ग्रॅम आणि वर दोन, प्लास्टिकचे. एक कणही गेला नव्हता. "आता चौकोनी," मॅडम म्हणाल्या. "या कोणी टाकल्या, आणि किती?"

गोकुळा एक पाऊल मागे सरकली. आता तोंड उघडलं तर सगळ्या गावासमोर कबूल करायचं, की आपण रिकाम्या दुपारी दगडावर चढून खिडकीतून हात घातला. नाही उघडलं तर मॅडमचं अर्धंच सिद्ध होणार, आणि अर्ध्यावर गाव कोणाला सोडत नाही. तिने इस्तारीकडे पाहिलं. तो नेहमीसारखा जमिनीकडे बघत उभा होता, फक्त नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचे खांदे पडलेले होते.

"मी टाकल्या," ती म्हणाली. "पुरे शंभर ग्रॅम. दोन पाकिटं. पाकिटं घरी आहेत, आणून देतो पाहिजे तं."

काट्यावर शहाण्णव आले.

"चार ग्रॅम," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवसांत. कोणाच्या हातात गेले?"

"हवेत," तीन-चार जण एकदम म्हणाले. वर्गात म्हणतात तसे.

आता भीमसेनी खड्यांची पाळी होती. पण त्यावर मॅडमना विचारावं लागलं नाही. रुखमाबाई एक खडा नाकाशी धरून नवऱ्याकडे बघत होती. "हा आपल्या पोरानं नागपूरहून आणलेला," ती म्हणाली. "मी म्हनलं, देव्हाऱ्यातला डबा हलका काऊन झाला."

गुणवंतराव खोकले. अध्यक्षाला खोकण्याचा जेवढा हक्क असतो तेवढा सगळा त्यांनी वापरला. "किल्ली माह्याजवळ होती," ते शेवटी म्हणाले. "म्हनलं, जाऊन पाहून यावं. पाहाले गेलो, आन... त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो होतो, इस्तारीले. मूठभर टाकला. मोजला नाई."

इस्तारीने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दोघांनीही तलावाकडे पाहिलं.

"चोर शोधाले बसलो," रुखमाबाई म्हणाली, "आन घरोघरी दानीच निघाले."

राहिल्या मोठ्या गोल वड्या. त्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही. मॅडमनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, मग म्हणाल्या, "राहू द्या. एवढं पुरे आहे."

"एक सांगा पन," गुणवंतराव म्हणाले. आता त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता, खरंच समजून घ्यायचं होतं. "नऊ वर्षं काऊन नाई उडला? घर तेच, टिन तेच, ऊन तेच."

मॅडम गोकुळाकडे वळल्या. "आधी कशात ठेवत होता?"

"डब्यात," गोकुळा म्हणाली. "घट्ट झाकणाच्या, लोखंडी. तो या वर्षी सडला. दुसरा होता, पन त्यात सुकट ठेवलेली. तीनदा धुतला, वास जाईना. देवाचा कापूर, मासोळीच्या वासात कसा ठेवाचा? म्हणून बुरडाकडून नवी कोरी टोपली विणून घेतली." ती थांबली. तिच्याच तोंडून निघालेलं तिला आता ऐकू येत होतं. "बांबूची. भोकाभोकायची."

सगळ्यांनी त्या टोपलीकडे बघितलं. फार सुरेख विणलेली होती. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

पहिल्यांदा हसला तो इस्तारी. आवाज न करता, खांदे हलवत. मग गुणवंतराव, मग सगळेच. गोकुळाही हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

शनिवारी सकाळी पाळीवर पूजा झाली. किलोला कमी पडत होता तेवढा कापूर सुरेंद्रने टाकला. लहानूने स्वतः बसून दहाही पुड्या सोडल्या. गोल, चौकोनी, खडे, सगळं एका परातीत पेटलं, आणि ज्योत एवढी उंच गेली की म्हाताऱ्यांनाही जुनं काही आठवेना. जाळी दाखवून झाल्यावर गुणवंतरावांनी राखणदार म्हणून इस्तारीचं नाव घेतलं. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या लहानूने वाजवल्या. पहिल्याच जाळ्यात रोहू आणि कतला आले, त्यामुळे पुढे कोणाला काही विचारायचं राहिलं नाही.

दुपारी इस्तारी जेवायला बसला. गोकुळाने रोहूचा मधला तुकडा त्याला वाढला. आठवडाभराने त्या घरात कोणी पोटभर जेवत होतं.

"त्या मोठ्या वड्या," इस्तारी म्हणाला, "माह्या होत्या."

गोकुळाचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

"सावलीच्या बाजारातून आणल्या होत्या. शंभर ग्रॅम. दगडही मीच ठेवला."

"तुमी काऊन टाकल्या?"

इस्तारीने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मले वाटलं, तू घेतली."

"मी?"

"गुडघ्याच्या तेलात टाकाले. थंडीपासून तुले उठता-बसता येत नव्हतं. म्हनलं, घेतला असन थोडा-थोडा. इचारलं असतं तं तुले लाज वाटली असती."

म्हणून हा माणूस चार दिवस गावासमोर तोंड मिटून उभा होता. गोकुळाला राग आला, आणि तो कुठून धरावा ते कळेना. "नऊ वर्षं देवाचा कापूर राखला म्या," ती म्हणाली. "आन तुमाले मी चोरटी वाटली?"

"चोरटी नाई. दुखनाईत."

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. मग राहवेना म्हणून म्हणाली, "मले वाटलं, तुमी मचानावर जाळला. मच्छरायसाठी."

इस्तारीने तिच्याकडे बघितलं. "चारशे ग्रॅम?"

"मच्छर काई कमी आहेत का तिथी?"

यावर इस्तारीला जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. गोकुळाने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरुरीपेक्षा थोड्या जोरात. ठसका थांबल्यावर त्याने खुंटीला टांगलेल्या शर्टाकडे हात केला.

"तेल कर आता खरंच. एक वडी मी ठेवली होती तुह्यासाठी, खिशात, कागदात बांधून."

गोकुळाने शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढली आणि त्याच्यासमोर उघडली. आत काहीच नव्हतं. फक्त वास होता.

इस्तारीने कागद पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"मी नाई," गोकुळा म्हणाली.